‘मला पित्ताचा त्रास आहे’: वासोट्यावरच्या एका दुपारचं प्रकरण

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. ज्यांच्याबद्दल आहे त्या दोघांची परवानगी घेतली आहे, नावं मात्र कुणाचीच देत नाही. मी साताऱ्यात हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि हिवाळ्यातले रविवार लोकांना डोंगरात घेऊन जाण्यात घालवतो. त्या दिवशी चुकलेल्या गोष्टींपैकी निम्म्या माझ्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

जानेवारीतला रविवार होता. पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर जमलो, समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढून कासमार्गे बामणोलीला उतरलो. सतरा जण. सगळ्यात लहान पोरगा बारा वर्षांचा, सगळ्यात मोठे काका बावन्नचे. सव्वासातला शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, बोट सुटली. पाण्यावर धुकं, सगळे स्वेटरात. माझ्या वर्गमित्राची बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, “भावजी, मला पित्ताचा त्रास आहे बरं का.” मी म्हणालो, “वहिनी, उपाशी चढू नका मग,” आणि बिस्किटांचा पुडा काढून दिला. वर एक ॲसिडिटीची गोळीही दिली. त्यांनी ती निमूटपणे घेतली.

हे संभाषण लक्षात ठेवा. बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं.

वासोटा कुठे आहे ते साताऱ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो. कोयना धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडे, सह्याद्रीच्या ऐन धारेवर हा किल्ला आहे. उंची ११७० मीटरच्या आसपास. भोवतालचं रान कोयना अभयारण्याचं. १९८५ साली ते जाहीर झालं आणि २०१० पासून सांगलीच्या बाजूच्या चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाट गेला, तेव्हा त्यात कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही आपल्याकडची चार ठिकाणं होती. म्हणजे शहरातून निघून दीड तासात धक्क्यावर आणि तिथून दीड तासात अशा रानात, जिथे गवा, अस्वल, सांबर, बिबट्या सगळे आहेत आणि माणसाला रात्री राहायला मनाई आहे. हे सोपं जाणं-येणंच फसवं आहे. जाताना तीन-साडेतीन तासांत माणूस रानाच्या पोटात असतो. परत येताना तितकाच वेळ लागतो आणि त्यात एक मिनिटही कमी करता येत नाही, कारण मधे रस्ता नाही, पाणी आहे.

मेट इंदवलीला उतरलो. वनखात्याच्या चौकीवर नावं लिहिली, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून दिल्या, काडेपेट्या कुणाकडे नाहीत ना ते पाहिलं. वाटाड्या मामा बामणोलीकडचेच. त्यांनी निघताना एकच सांगितलं, “वर गेल्यावर कालवा करू नका. माशी हाय.” पोरांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वाघ-अस्वलाचं मी बोटीत दहा मिनिटं सांगितलं होतं: एकटं मागे राहू नका, गवा दिसला तर वाट त्याची आहे, पिल्लं असलेली अस्वलीण दिसली तर पळू नका. मधमाशीबद्दल एक वाक्यही नाही.

चढ नेहमीसारखा. ओढ्यापाशी मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत तिथे ओल्या मातीत गव्याचे ताजे खूर उमटलेले होते, बारा वर्षांच्या पोराचा तळवा मावेल एवढे. जांभळीवर शेकरू दिसलं. अंजनीच्या दाट सावलीतून वर येताना कुणाला घामसुद्धा फारसा आला नाही. पुढे नागेश्वरचा फाटा सोडून सरळ चढलो आणि पावणेबाराला गडावर पोचलो. मारुती, महादेवाचं देऊळ, टाकं, वाड्याचे चौथरे हे सगळं पाहून साडेबाराच्या सुमाराला बाबुकड्याच्या टोकाशी आलो.

बाबुकडा म्हणजे समोरच्या जुन्या वासोट्याच्या आणि आपल्यामधला घोड्याच्या नालासारखा तुटलेला कातळ. खाली पाहिलं की पोटात खड्डा पडतो. कातळाच्या पुढे आलेल्या कपारीखाली आग्यामोहोळं लटकत होती, सात की आठ. लांबून सुपाएवढी काळपट तपकिरी दिसतात. मी पोरांना दुर्बीण दिली, कारण पोळ्यावरून जाणारी लाट दाखवायची होती. आग्या माशीचं पोळं उघडं असतं, त्याला पेटी नाही, ढोली नाही. वरच्या थरातल्या हजारो माशा एकापाठोपाठ पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून एक चकाकती लाट सरकत जाते. गांधीलमाशी जवळ आली की तिला हुसकायला ही लाट असते. त्या दिवशी लाट थांबतच नव्हती. मी कौतुकानं म्हणत राहिलो, “बघ, बघ, अजून एक.” पोळं अस्वस्थ आहे हे मला दिसत होतं आणि मी त्याचा देखावा करत होतो.

माशी नेमकी का उठली यावर आमच्यात आजही वाद होतो. त्या सुमाराला तीन गोष्टी घडल्या. दोन कॉलेजच्या पोरांनी फोटोआधी अंगावर डिओ मारला. दुसऱ्या एका ग्रुपनं कड्याच्या टोकावर उभं राहून प्रतिध्वनीसाठी ‘शिवाजी महाराज की’ पुकारला आणि आमच्यातल्या चौघांनी ‘जय’ जोडला. आणि कपारीजवळून एक घार दोनदा फिरून गेली. मोहोळघार पोळ्यावर झडप घालते आणि पळून जाते, मग चिडलेल्या माशा जे हलतं दिसेल त्यावर जातात. मामांचं मत घारीकडे आहे. माझा कौल डिओकडे जातो, कारण पहिल्या माशा त्या दोन पोरांच्याच केसांत घुसल्या. ओरडण्याला लोक फार दोष देतात, पण माशी आवाजापेक्षा वास, श्वास आणि हालचाल यांवर जास्त जाते.

पहिली माशी चावली ती कानामागे. पोरगं “आई गं” म्हणून वळलं आणि त्यानं ती चापटीनं चिरडली. दुसरं पोरगं म्हणालं, “केळ्याचा वास कुठून येतोय?” हे वाक्य मला अजून ऐकू येतं. चावलेल्या माशीच्या काट्यापाशी एक रसायन सुटतं, त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखाच असतो, आणि बाकीच्यांना ती हाक असते: इथे या, इथेच मारा. चिरडलेली प्रत्येक माशी ही हाक आणखी मोठी करते. तो वास ज्याला आला त्याच्याकडे पंधरा-वीस सेकंद होती. आम्ही ती एकमेकांकडे बघण्यात घालवली.

मग आकाश घोंघावायला लागलं.

या घटकेला आमचं जे काही वाचलं ते मामांमुळे. माणूस डोळे मिटून जिकडे तोंड असेल तिकडे पळतो आणि आमची तोंडं कड्याकडे होती. मामा ओरडले, “कड्याकडं पाठ करा! आधी पाठ करा, मंग पळा!” त्यांनी दोघांना तर खांद्याला धरून फिरवलं. त्या टोकावर माशीपेक्षा कडा आधी मारतो. मग दरवाज्याकडे, दरवाज्यातून खाली आणि दाट झाडीत. डोक्यावर जर्किन, तोंडावर हात, थांबायचं नाही. एकानं टाक्यात उतरायचं म्हटलं तेव्हा मामांनी त्याला शिवी हासडली. पाण्यात बुडी मारली तरी श्वासाला डोकं वर काढावंच लागतं आणि माशा वर वाट बघत बसतात.

काका मात्र थांबले. पंचा फिरवत, माशा झोडपत, एकेक पाऊल मागे येत राहिले. त्यांच्या अंगावर काळा टी-शर्ट होता, डोकं उघडं. नंतर म्हणाले, पोरांच्या मागून कुणीतरी आडवं राहायला नको का? हेतू चांगला होता. पण आडवं राहिल्यानं माशी अडत नाही, पंच्यानं ती आणखी चिरडते.

पहिल्या वळणाखालच्या झाडीत आम्ही पुन्हा एकत्र आलो तेव्हा पावणेएक वाजला होता. सतरा डोकी मोजली, पंधराच भरली. दोन पोरं जी पळाली ती थेट खाली, आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर औषधाची पेटी. पेटी पुढच्या माणसाकडे द्यायची पद्धत मीच पाडली होती. त्याला कारण एवढंच की पुढचा पोरगा दमदार असतो.

आमच्यात एका खासगी दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि काटे काढायला लावले. काटा नखानं खरवडून काढायचा की चिमटीत धरून, यावर लोक तावातावानं बोलतात. सिस्टर म्हणाल्या, “कसाही काढा, पण आत्ता काढा.” मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट अंगात राहतो आणि माशी मेल्यावरही पिशवी आकसत राहून विष आत ढकलते. बहुतेक विष पहिल्या मिनिटभरातच जातं, म्हणून पद्धतीपेक्षा उशीर महाग पडतो. आम्हाला तर आधीच दहा मिनिटं झाली होती.

सगळे काकांभोवती जमले. त्यांचं कपाळ, मान, टाळू, हात, सगळीकडे काटे. बनियनच्या आतून जिवंत माशा निघत होत्या. आम्ही मोठ्यानं मोजत होतो, शंभराच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. वहिनी जरा बाजूला दगडावर बसल्या होत्या. त्यांना चार चावल्या होत्या: दोन मनगटावर, एक मानेवर, एक कानाच्या पाळीला. “मला काही नाही, काकांचं बघा,” असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाज बसलेला होता. सिस्टरांनी मान वळवून पाहिलं. वहिनींच्या गळ्यापासून छातीपर्यंत लाल गांधी उठल्या होत्या, ओठ सुजला होता आणि त्या तळहात दगडावर घासत होत्या, खाज इतकी होती.

त्यांना उलटी झाली. मग त्यांच्या नवऱ्यानं आणि मी जे केलं ते आजही आठवलं की मला घाम फुटतो. आम्ही त्यांना दोन्ही बगलांत धरून उभं केलं. खाली न्यायचं, लवकर न्यायचं, एवढंच डोक्यात. चार पावलं चालल्या असतील. डोळे पांढरे झाले आणि त्या गोणी सुटावी तशा घसरल्या. सिस्टर किंचाळल्या, “आडवं करा, पाय वर!” अशा वेळी रक्तदाब कोसळलेला असतो, शिरा सैलावलेल्या असतात आणि उभं केलं की हृदयाकडे येणारं रक्तच आटतं. बेशुद्ध होताना उभं धरल्यानं माणसं गेलेली आहेत. आम्ही त्यांना आडवं केलं, पाय सॅकवर ठेवले. मिनिटभरात डोळे उघडले.

इलाज एकच होता, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि तो होता पेटीत. तो असण्याचं श्रेयही माझं नाही. सिस्टरांनी आदल्या वर्षी दवाखान्यात गांधीलमाशीची एक केस पाहिली होती, तेव्हापासून त्या दोन ॲम्प्यूल आणि सिरिंज स्वतःहून पेटीत टाकत. माझ्या यादीत ॲव्हिल, सेट्रिझिन, क्रेप बँडेज आणि ओआरएस एवढंच असायचं. ॲव्हिलनं खाज जाते, कोसळलेला दाब उठत नाही. एक पोरगं पेटी आणायला खाली धावलं. ते परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत वहिनींच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला होता.

एक वीसला पहिलं इंजेक्शन: अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, पँटवरूनच. दहा मिनिटं थांबून दुसरं. मी हे आकडे लिहितो आहे ते कुणी स्वतः टोचावं म्हणून नाही, जाणतं माणूस बरोबर होतं म्हणून ते जमलं. दुसऱ्यानंतर ओठांवर रंग आला आणि त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, “मी सांगितलं होतं ना भावजी, मला पित्त आहे म्हणून.”

पुढचं थोडक्यात. दोन काठ्या आणि चार जर्किनं यांची डोली केली, आळीपाळीनं उचलली. रेंज कुणाच्याच मोबाईलला नव्हती. मामा पुढे धावत चौकीवर गेले, तिथल्या गार्डांनी बोटी अडवून ठेवल्या आणि दोघं गार्ड निम्म्या वाटेत डोलीला खांदा द्यायला आले. बोटीत बोटवाल्यानं चुन्याची डबी काढली, काकांनी निमूटपणे मनगटाला लावून घेतला. त्यानं काही होत नाही, पण माणसाला काहीतरी करू द्यावं लागतं. पावणेसहाला बामणोली, १०८ ची गाडी, सव्वासातला साताऱ्यात. माशी चावल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत सहा तास चाळीस मिनिटं. यात पेटीची वीस मिनिटं सोडली तर कमी करण्यासारखं फार नव्हतं. अशा रिॲक्शनला जीव घ्यायला अर्धा-पाऊण तासही पुरा पडतो. म्हणजे वासोट्यावर दवाखाना नावाची गोष्ट नसतेच, जे पेटीत आहे तेच.

वहिनींना रात्रभर ठेवून घेतलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी हाच प्रकार पुन्हा उलटू शकतो. त्यांना सकाळी सोडलं.

काकांचं वेगळं झालं. त्यांनाही डॉक्टरांनी राहायला सांगितलं होतं. काका म्हणाले, मला काय होतंय, गडी धडधाकट आहे, आणि सही करून घरी गेले. सोमवारी त्यांनी दुकानही उघडलं. सोमवारी रात्री त्यांना लघवी कोऱ्या चहासारखी झाली, मंगळवारी सकाळी जवळजवळ झालीच नाही. शंभर माशांचं विष ही ॲलर्जी नव्हे, तो सरळ विषाचा डोस आहे. ते स्नायू फोडतं, फुटलेल्या स्नायूंचा रंग रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो, आणि हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माणूस ‘बरा झालो’ म्हणत असताना होतं. सलाईनवर आठ दिवस काढले. डायलिसिस थोडक्यात टळलं.

चार माशांची बाई तासाभरात जायची होती आणि शंभर माशांचा माणूस तिसऱ्या दिवशी. आम्ही दोघांनाही एकाच मापानं, काटे मोजून, तोललं होतं.

आता तो शब्द. दवाखान्याच्या बाकावर वर्गमित्रानं सांगितलं, पाच वर्षांपूर्वी पाटणकडे, माहेरच्या शेतात, वहिनींना एक माशी चावली होती. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. वहिनींच्या आईनं आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं, तीन तासांनी उतरलं. घरात त्या दिवसापासून एवढंच म्हणतात, ‘तिला पित्त उठतं’. आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘कसली ॲलर्जी आहे का?’ त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि ते त्यांच्या दृष्टीनं खरं होतं. ॲलर्जी म्हणजे पेनिसिलिनची, डॉक्टर विचारतात ती. अंगावर उठतं ते पित्त. आणि बोटीत तेच त्यांनी मला सांगितलं, स्वतःहून, आठवणीनं. मी पित्त म्हणजे जळजळ असं ऐकलं आणि बिस्किटं दिली. आपल्या भाषेत एकाच शब्दात छातीतली आगही येते आणि अंगावरच्या गांधीही, हे मला चाळीस वर्षं मराठी बोलून माहीत नव्हतं असं नाही. मी विचारलं नाही, “पोटातलं की अंगावरचं?” तीन शब्दांचा प्रश्न. तो विचारला असता तर वहिनी बाबुकड्यावर आल्या नसत्या, निदान सिस्टरांनी झाडीत पोचल्यापोचल्या पहिलं त्यांच्याकडे पाहिलं असतं.

फॉर्म बदलला. आता ‘ॲलर्जी’ हा शब्द शेवटी येतो. आधी विचारतो, मधमाशी, गांधील, मुंगी चावून कधी अंगावर पित्त, गांधी, ओठाला सूज, चक्कर असं झालंय का? आणि हे लिहून घेत नाही, बोटीत बसल्यावर तोंडानं विचारतो, कारण लिहिताना लोक रांग संपवायला ‘नाही’ करतात. ज्यांचं ‘हो’ येतं त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवतो. पेटी माझ्याजवळ असते, मी सगळ्यात मागे असतो. डिओ धक्क्यावरच काढून घेतो, यावर पोरं कुरकुरतात. काळे कपडे नकोत असं सांगतो, हे अजून निम्मे ऐकत नाहीत. बाबुकडा लांबूनच दाखवतो, आणि पोळ्यावर लाट धावायला लागली की दुर्बीण मिटून मागे फिरतो.

गेल्या डिसेंबरात बोटीत बसल्यावर अठरा जणांना विचारलं. तीन हात वर आले. तिसरा आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचा होता. तो अकरा वर्षं माझ्याबरोबर प्रत्येक गडावर चढला आहे. म्हणाला, “दादा, तुम्ही कधी असं विचारलंच न्हाय.”